तुला कोणी नाही असं ठरलं होतं

मोठी आये,

शनिवारी बोरिवलीला जाऊन तुझं सामान घेऊन आले. सामान म्हणजे एक कापडी पिशवी; रिकामी ट्रंक तिथल्याच कोणाला तरी ठेवून आले. दोन लुगडी, चष्मा, तपकिरीची डबी, आणि मी आणलेला लोकरीचा स्वेटर, जो तू एकदाही अंगात घातला नाहीस. हॉस्पिटलनं दिलेली, तुला कधी टेकताच न आलेली काठी तुझ्या शेजारच्या खाटेवरच्या जमनाबेननं मागून घेतली. "मला दे ने बेन, तिची याद म्हणून." मी देऊन टाकली. तू दिली असतीस की नाही, मला शंकाच आहे. तिच्या घोरण्यावरून तू तिला काय काय बोलायचीस ते मी ऐकलंय.

पिशवी घेऊन मुलुंडला आले तर सासूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "आंघोळीआधी ती आत नेऊ नकोस." मी पिशवी गॅलरीत ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि तू सुतक कसलं धरून बसलीयस? तुझी कोण ती?"

रागानं नाही विचारलं. त्यांना खरंच हिशेब लागत नव्हता.

मलाही तो नीट लावून दाखवता आला नसता. लहानपणापासून हाच प्रश्न मला कोणी ना कोणी विचारत आलंय. विक्रोळीच्या आपल्या चाळीत नवीन बिऱ्हाड आलं की त्यातली बाई मला जिन्यात गाठायची. "तुला दोन आया कशा गं?" मी सांगायचे, एक मोठी, एक धाकटी. धाकटीच्या पोटी मी झाले. तू बाबांची पहिली बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल होईना, म्हणून गावाहून दुसरी आणली. तेव्हा त्याला कायदा आड येत नव्हता, आणि नातेवाइकांना तर तो धर्मच वाटत होता. बाबा कारखान्यात टर्नर. खोली एक. एका कोपऱ्यात तुझी शेगडी, समोरच्या कोपऱ्यात आयेची.

तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हता. भांडतही नव्हता. नुसतं बोलत नव्हता. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. आये म्हणायची, "मोठ्या आयेक सांग, नळाक पाणी इला." तू दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायचीस. मी तुझ्याकडे वळून, "मोठी आये, पाणी आलं." तू म्हणायचीस, "तिका सांग, माका डोळे आसत." मी परत वळायचे. मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. घरात मुलांना हेच काम असतं असा माझा समज होता.

मी चौथीत असताना आयेला कावीळ झाली. तिच्या शेवटच्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा मला मध्ये न घेता तुला हाक मारली. म्हणाली, "नलूक बघ गो." दुसरी कोणी असती तर पदर डोळ्यांना लावला असता. तू म्हणालीस, "आतापर्यंत कोण बघी होता?"

लोकांना ते निर्दय वाटलं. शेजारच्या बायका कित्येक वर्षं ते वाक्य सांगत होत्या. पण आये हसली होती, मोठी आये. मी तिच्या उशाशी होते, मी बघितलं. तुम्हा दोघींमधलं ते एवढंच एक संभाषण मी ऐकलं, आणि ते खरं होतं. माझी वेणी तूच घालत होतीस, माझ्या आजारपणात तूच जागत होतीस. ती गेल्यावर मी बरेच दिवस शाळेत गेले नाही तर हेडमास्तरांनी नाव काढून टाकलं. तुला अक्षर येत नव्हतं. तू शाळेच्या पायरीवर जाऊन बसलीस. कोणी विचारलं की एवढंच सांगायचीस, "चेडवाचा नाव परत घाला, मगे उठतंय." शाळा सुटेपर्यंत बसलीस. दुसऱ्या दिवशीही गेलीस. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांनीच तुला हात जोडले. आज मी मुलुंडच्या शाळेत शिकवते, हजेरी घेते, तेव्हा गैरहजर पोरांची नावं काढायला माझा हात उठत नाही. त्यावरून मुख्याध्यापिकाबाईंची बोलणी खाते.

बाबा गेल्यावर तू त्या खोलीत खानावळ चालवलीस. आपल्याकडचे एकटे राहणारे कामगार पाळीप्रमाणे येऊन जेवून जायचे. माझं वसंतशी लग्न झालं, संजू झाला. माझ्या बाळंतपणात तू मुलुंडला डिंकाचे लाडू घेऊन आलीस आणि डबा दारातच माझ्या हातात दिलास. आत ये म्हटलं तर म्हणालीस, चुलीवर भात ठेवून आलंय. विक्रोळीला भात ठेवून कोणी मुलुंडला येतं का. तुला माहीत होतं, सासूबाईंनी चहा विचारला असता, पण 'या कोण' हे कोणाला कसं सांगायचं म्हणून त्या अवघडल्या असत्या. त्यांना तू अवघडू दिलं नाहीस.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी तू पडलीस. गॅलरीच्या टोकाला, संडासापुढच्या ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट जुळलं नाही. घरी आलीस ती खाटेवरच. जेवायला येणारी माणसं आधी चौकशीला आली, मग दुसऱ्या खानावळीत गेली. मी शाळा सुटली की मुलुंडहून यायचे. पण शाळा सुटेपर्यंत काय? ते सगळं शेजारच्या कांबळेवहिनींनी केलं. तुझं शौचाचं भांडं त्यांनी उचललं, तुला कुशीवर वळवलं. त्यांची धाकटी मुलगी आजारी पडली तेव्हा दोन्हीकडे धावता धावता त्यांचा जीव मेटाकुटीला आला. मला त्यांनी जिन्यात थांबवलं. "नलूताई, मी नाय म्हणत नाय. पण असं किती दिवस चालणार, ते तुम्हीच सांगा."

त्याच दिवशी मी घरी विषय काढला. आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं होती, तरी काढला. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझी सख्खी आई असती तर मी एक शब्द बोलले नसते. पण आईच्या सवतीला कोण सांभाळतं गं?" वसंतनं तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं होतं. पान उलटत नव्हता.

हे मी तुला सांगितलंच नव्हतं. मी तुला म्हटलं, "चल मुलुंडला." तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "जावयाच्या दारात मी मराक पडूचंय नाय." मी चिडले. मग तू सांगितलंस, "हास्पिटलात ती नर्स सांगी होती. बोरिवलेक एक घर आसा. म्हाताऱ्या बायकांका ठेवतत. पण जेका कोण नाय, तेकाच."

"मग तुला कसं घेतील? मी आहे ना."

"तू शेजारीण म्हणान ये."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले. "मी असलं खोटं बोलणार नाही."

"तू बोलाच नको. मी बोलतंय."

"लोक मला काय म्हणतील? आईला अनाथाश्रमात टाकलं म्हणतील."

"लोक माका धुवूक येतत काय?"

कांबळेवहिनी भिंतीपलीकडे भांडी घासत होत्या, ते ऐकू येत होतं. पण मी मानलं नाही, हेही खरं. पुढचे दोन महिने आपण रोज हाच वाद घातला. मी म्हणायचे, बाई ठेवू. तू म्हणायचीस, परकी बाई माका उचलतली, आणि मी तिच्या हातात बघत रवान? मी म्हणायचे, मी बिनपगारी रजा घेते. तू म्हणायचीस, मी दोन वर्षां जगलंय तर? मग तू जेवण कमी केलंस. भांडं कमी लागावं म्हणून. ते माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी वाद सोडला. तू जिंकलीस, मोठी आये, पण कशाच्या जोरावर, ते आपल्या दोघींनाच माहीत.

मग खोली रिकामी करायला घेतली. खोली मालकाला परत द्यायची होती. तिकडे एक ट्रंक चालते, एवढंच कळलं होतं. तू खाटेवरून हुकूम सोडत होतीस आणि मी एकेक वस्तू उचलून दाखवत होते. "तां दी." "तां टाक." "तां जाळ." बाबांचा कामावरचा खाकी शर्ट जाळायला सांगितलास. मी म्हटलं, ठेवते मी. म्हणालीस, "ठेवून काय घालतलंस?" मोठी पातेली कांबळेवहिनींना दिलीस, तांब्याचा हंडाही. वहिनी नको नको म्हणत होत्या. तू म्हणालीस, "माझा गू काढलंस आणि हंडो घेवक लाजतंस?" वहिनी रडत रडत हंडा घेऊन गेल्या.

देव कोणाकडे द्यायचे हा प्रश्न होता. घरात मुलगा नाही. गावाहून बाबांचा चुलतपुतण्या आला, टॉवेलात देव गुंडाळले, नमस्कार केला, आणि जाता जाता भिंतीवरचं घड्याळही काढून नेलं. तू बघत होतीस. तो जिना उतरून गेल्यावर म्हणालीस, "देवांका टाईम बघूक होयो असतलो." आपण दोघी हसलो. त्या सगळ्या दिवसांत हसलो ते तेवढंच.

पोटमाळ्यावर आयेची शेगडी निघाली. तिच्यामागे इतकी वर्षं तू ती सांभाळलीस. मातीचा लेप गळून गेलेला, जाळी गंजलेली. मी विचारलं, "ही कशाला ठेवलीस?"

"ती तिची. माझी असती तर इकलंय असतंय."

"मग आता काय करू?"

तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "दी भंगारात." मी ती भंगारवाल्याला दिली. तू त्या दिवशी जेवली नाहीस, आणि त्या दिवशी ते भांडं कमी लागावं म्हणून नव्हतं.

निघायच्या दिवशी कांबळेवहिनींनी बांगडे तळले. तिकडे मासे मिळणार नव्हते. तू एक खाल्लास, दुसरा हातात घेऊन नुसता बघत राहिलीस आणि ताटात ठेवलास. वसंत आणि कांबळेभाऊ, दोघांनी तुला खुर्चीत बसवून जिना उतरवला. सगळी चाळ गॅलरीत उभी होती. टॅक्सी पवईवरून निघाली. तळं आलं तेव्हा मी म्हटलं, बघ, तळं. तू बघितलं नाहीस. डोळे मिटून पुटपुटत होतीस. मला वाटलं देवाचं नाव घेतेयस. कान दिला तर तू नर्सनं शिकवलेली उत्तरं पाठ करत होतीस.

बोरिवलीचं ते घर नॅशनल पार्कच्या अंगाला, बैठं, स्वच्छ. व्यवस्थापिका सबनीसबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी टेबलाशी तुझी खुर्ची घेतली. वसंत बाहेर टॅक्सीपाशी थांबला. मी तुझ्यामागे उभी.

"नवरा?"

"गेलो."

"दीर, पुतणे, कोणी?"

"गावाक आसत. विचारनत नाय."

"मूलबाळ?"

"नाय."

घरातले तांदूळ संपलेत हे सांगताना जसं म्हणायचीस, तसं म्हणालीस. आवाज हलला नाही. मी मनाची तयारी करून आले होते, तू खोटं बोलशील आणि मी खाली बघेन. पण मोठी आये, ते खोटं नव्हतं. तुला मूल नव्हतं. त्याच कारणासाठी तर माझी आये त्या घरात आली आणि मी जन्मले. आपण खोटं बोलायला आलो होतो आणि तू खरं बोललीस.

सबनीसबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि या?"

"ही शेजारची. बरी आसा."

खाट दाखवली, ट्रंक खाटेखाली सरकवली. मी उशी नीट केली. तुझे पाय पुसायला वाकले तर तू ते ओढून घेतलेस. शेजारीण पाय पुसत नाही. म्हणालीस, "जा आता. काळोख पडतलो." बाहेर लख्ख ऊन होतं.

त्यानंतर मी दर रविवारी येत राहिले. सगळ्यांपुढे तुला 'मावशी' म्हणायचे. पहिल्या वेळी तोंडातून शब्द निघेना, पुढे सवय झाली. सवय झाली याचंच मला जास्त वाईट वाटलं. मला तुला एकच गोष्ट विचारायची होती. त्या दिवशी 'नाय' म्हणालीस ते जागा मिळावी म्हणून, की तुझ्या मनातही ते तसंच होतं? पण विचारणार कुठे? खाटेला खाट लागून. जमनाबेनचे कान तिच्या गुडघ्यांपेक्षा फार चांगले होते. आपण ठरवलेल्या गोष्टीनं आपलंच तोंड बंद केलं होतं.

जेवणावर तू रुसलीस. डाळ, दुधी, डाळ, कोबी. म्हणालीस, "माका गुरांच्या गोठ्यात बांधलां." एका रविवारी मी सुकटीची चटणी बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून आणली. तू पोळीत लपवून खात होतीस. तुझ्या तोंडावर इतक्या महिन्यांनी कळा आली होती. तेवढ्यात जमनाबेन उठून बसली, पदर नाकाला लावला. "अरे, कोण मेलं इथे?" सगळ्या बाया उठल्या. सबनीसबाई आल्या. बाटली माझ्याच हातात. त्या ओरडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "नियम तुम्हाला ठाऊक आहेत. आणि मला एक कळत नाही. शेजारच्या बाईसाठी इतकं कोण करतं हो?"

मी बाटलीचं बूच लावत राहिले. उत्तर तुला सुचलं. बोटं चाटून घेत तू खाटेवरूनच म्हणालीस, "तिका आई नाय. ल्हान असतानाच गेली. म्हणान येता बापडी."

मी बाटली घेऊन नळावर गेले आणि ती कितीतरी वेळ विसळत राहिले.

एकदाच आपल्याला एकटं बसायला मिळालं. गेल्या थंडीत. वॉर्ड धुवायला काढला होता, म्हणून सगळ्यांना अंगणात आणून बसवलं होतं. तुझी खुर्ची मी जरा लांब, उन्हाला नेली. आता विचारावं असं ठरवून मी तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. मी मोठी झाल्यापासूनचा आपला वाद. "बाबांनी दुसरी केली तेव्हा तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"मीच बघूक गेलंय होतंय तिका," तू म्हणालीस. "तुझ्या बापाशीन बघूक सुदीक नाय. मी पसंत केलंय."

हे मला नवीन होतं. "का पण?"

"नाय म्हणान खंय गेलंय असतंय? माहेराक? थंय भावजय दारात उभी. मगे म्हटलां, येतली ती येतलीच. माझ्या नदरेखालची येवंदे."

"वाईट नाही वाटलं?"

"वाटला. मगे?"

तू उन्हात डोळे किलकिले करून कुठेतरी बघत होतीस. मला पुढचा प्रश्न विचारता आला असता. जवळ कोणी नव्हतं. पण तुझ्या त्या 'मगे'नंतर माझा धीर झाला नाही. तू म्हणालीस, "थंडी वाजता. आत घेऊन चल." वॉर्ड अजून ओला होता. तरी तुला आत नेलं.

तू आजारी होतीस हे मला कोणी कळवलं नाही, आणि कळवणार तरी का? शेजारणीला कोण कळवतं. ताप आला, छातीत उतरला. आमच्या इमारतीत खालच्या डॉक्टरांकडे फोन आहे, त्यांचा निरोप आला तेव्हा मी पाचवीचे पेपर तपासत होते. निरोप असा होता: तुमच्या ओळखीच्या आजी गेल्या, येणार असाल तर या.

वसंत ऑफिसला गेला नव्हता. मला काही न विचारता त्यानं चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा तुला व्हरांड्यात आणून ठेवलं होतं. अंगावर तिथली पांढरी चादर. मी आत जाऊन जमनाबेनला विचारलं, "शेवटी काही म्हणाली का? कोणाचं नाव घेतलं?" मला काय ऐकायचं होतं ते तुला कळलं असेल. ती बिचारी खोटं बोलू शकली असती. "ना रे बेन," ती म्हणाली. "पाणी मागितलं. दोन घोट पिऊन झोपली." मग म्हणाली, "तुझी लई तारीफ करायची. आमच्या चाळीतली पोरगी, म्हणायची, सोन्यासारखी." शेवटपर्यंत तू तेच सांगत राहिलीस. दिवसरात्र जिच्या शेजारी काढलीस तिलासुद्धा खरं कळू दिलं नाहीस.

सबनीसबाई गणपतला, तिथल्या शिपायाला, सूचना देत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं झालं. अग्नी गणपत देईल. इथल्या सगळ्यांना तोच देतो."

"मी देते," मी म्हणाले.

"तुम्ही कशाला? शेजाऱ्यांनी..."

"मी शेजारी नाही. मुलगी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी मला सांगितलं होतं, मूलबाळ नाही."

"तेही खरं आहे."

मग मी सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. दोन आया, एक खोली, मुलुंडच्या दोन खोल्या, तुझं जेवण कमी करणं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मला संशय होताच. रविवार चुकवत नव्हता तुम्ही." त्यांनी चष्मा परत लावला. "पण एक सांगते, राग मानू नका. त्या इथे होत्या तितके दिवस त्या खाटेवर दुसरी कोणी नव्हती. मागच्या पावसाळ्यात एक बाई आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिला खरंच कोणी नव्हतं. जागा नाही म्हणून मी तिला दारातून परत पाठवलं. ती पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही."

एरवी प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर असायचं, पण याला असतं का, मला शंका आहे. त्या बाईचा चेहरा मी पाहिलेला नाही, तरी या आठवड्यात ती दोनदा डोळ्यांपुढे आली.

सबनीसबाई गणपतकडे वळल्या. म्हणाल्या, "तू फक्त बरोबर जा."

स्मशानात आम्ही चौघं. मी, वसंत, गणपत आणि टेम्पोवाला. लाकडं रचलेली होती. भटजी तरुण होते, घाईत होते. "मयताचं कोण?" त्यांनी विचारलं. वसंत पुढे झाला आणि म्हणाला, "मी जावई." इतक्या वर्षांत त्यानं तुझ्या बाबतीत तो शब्द वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. तू जिवंत असताना वापरला असता तर, असं माझ्या मनात आलं. पण तो उभा राहिला होता, आणि ते बघायला तू नव्हतीस.

"चालेल," भटजी म्हणाले. "जावई चालतो."

"मी देणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे, मग वसंतकडे बघितलं. "ताई, बायका इथवर सहसा येत नाहीत. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"सख्खी?"

गणपतनं मान खाली घातली. वसंत माझ्याकडे बघत होता. सासूबाई, चाळीतल्या बायका, सबनीसबाई, सगळ्यांना मी आयुष्यभर खुलासे देत आले होते. मोठी, धाकटी, पोटची, सांभाळलेली. तुला विचारायचं होतं ते आता कधीच कळणार नव्हतं. तुझ्यापुरतं तू 'नाय' सांगून मोकळी झाली होतीस. माझ्यापुरतं मला सांगायचं होतं.

"सख्खी," मी म्हणाले.

"मग या पुढे," ते म्हणाले, आणि मी पुढे झाले.